बाहुल्या – पुसू नये

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि रसिकहो,

कोकणातील लोककलांविषयी बोलावे, असे कार्यकारिणीने मला कळवले होते. दशावतार, नमन आणि जाखडी यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी याच सभागृहात बसलेली असल्यामुळे मी परवानगी घेऊन विषय बराच आखूड करून घेतला आहे. मला आज एका मागणीविषयी बोलायचे आहे. दूरचित्रवाणीवर पूर्वी एखाददुसऱ्या वेळीच दाखवले गेलेले बाहुल्यांचे विशेष कार्यक्रम, मग ते आपल्या दूरदर्शनवरचे असोत किंवा या देशातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या वाहिन्यांवरचे, घरी फडताळात ठेवता येतील अशा स्वरूपात आणि काटछाट न करता उपलब्ध व्हावेत, एवढीच ती मागणी आहे. ती करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे मात्र आधी सांगितले पाहिजे.

कुडाळच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात एक व्हीएचएस कॅसेट होती आणि तिच्या पाठीवर माझ्या वडिलांच्या शिक्षकी अक्षरात लिहिलेले होते, ‘बाहुल्या – पुसू नये’. मुंबईला असलेल्या काकांकडे व्हीसीआर होता. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर लागलेला कळसूत्री बाहुल्यांचा एक कार्यक्रम त्यांनी आमच्यासाठी उतरवून घेतला आणि गणपतीला येताना मोदकाच्या साच्यासोबत पिशवीत घालून एसटीने आणला. आमच्याकडे तेव्हा टीव्हीचे चित्र म्हणजे बांबूला बांधलेला अँटेना आणि तो फिरवणाऱ्या भावाला ओटीवरून दिलेल्या हाका, एवढेच होते. कॅसेट पाहण्यासाठी व्हीसीआर भाड्याने आणावा लागे आणि तो आला, की वाडीतली निम्मी मुले आमच्या पडवीत जमत.

ज्यांच्या घरी व्हीएचएस कॅसेट होत्या, त्यांना आठवत असेल की कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असे. ती मोडून टाकली, की त्या कॅसेटवर पुन्हा ध्वनिचित्रमुद्रण होत नसे. वडिलांनी ती मोडलेली होती. पुढे चुलत बहिणीच्या लग्नाची कॅसेट तिच्या सासरी पाठवायची ठरली तेव्हा दुसरी प्रत काढायला कोरी कॅसेट हवी होती. भर पावसात कुडाळच्या बाजारात ती कुठेच मिळाली नाही आणि भाड्याने आणलेले दोन व्हीसीआर संध्याकाळी परत द्यायचे होते. मोडलेल्या पट्टीच्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला, की यंत्र फसते, ही युक्ती घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होती. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सेलोटेप मी लावला.

त्या कार्यक्रमाची आता अकरा मिनिटे उरली आहेत. प्रथम गणपती येतो. त्याची सोंड किंचित वाकडी बसवलेली आहे. मग ऋद्धिसिद्धी येतात, मृदंग वाजतो आणि कथा थेट समुद्रकिनाऱ्यावर जाते. मारुती लाकडी पाय उचलतो, कॅमेरा जवळ येतो आणि चौकटीच्या वरच्या कडेला क्षणभर सूत्रधाराचा हात दिसतो. त्याच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली आहे, बहुधा दोरी काचू नये म्हणून. दूरचित्रवाणीच्या शिस्तीत ही चूकच धरली गेली असेल, पण मला त्या सबंध मुद्रणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच चूक. मारुती ‘जय श्रीराम’ म्हणून उडी घेणार, इतक्यात चित्र फाटते, दोन-तीन आडव्या पांढऱ्या रेघा वर सरकतात आणि मुंडावळ्या बांधलेली माझी चुलत बहीण सनईच्या सुरात पाटावर येऊन बसते. कार्यक्रमाच्या शेवटी येणारी कलावंतांची नावे अर्थातच त्या लग्नाखाली गेली.

हे सांगितल्यावर दुसऱ्यांच्या चुकांविषयी बोलणे सोपे जाते. जगभरातल्या प्रसारण संस्थांनी आपले जुने कार्यक्रम पुसले, ते आमच्या ओटीवर जे कारण होते त्याच कारणाने. पूर्वीची दोन इंच रुंदीची ध्वनिचित्रफीत फार महाग होती, ती पुन्हा वापरता येत होती आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुढे कोणाला हवा असेल, असे कोणाच्या मनात येत नव्हते. जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ ते १९६९ या काळात समुद्रावर तरंगत जाणाऱ्या एका बेटाची बाहुल्यांची मालिका दाखवली. तिच्या हजाराहून अधिक भागांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच भाग उरले. मालिका पाहणाऱ्या एका मुलाने प्रत्येक भागात काय घडले ते वह्यांत टिपून ठेवले होते आणि पुढे काही कथा नव्याने उभ्या करताना त्या वह्यांचा आधार झाला. वही लिहिणारी मुले आणि सेलोटेप लावणारी मुले, अशा दोन जाती असतात. मी कोणत्या जातीची, हे आपल्याला कळलेच आहे.

या देशातले उदाहरण जिम हेन्सन यांचे. त्यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका वाहिनीवर बाहुल्यांचा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे बेडूक म्हणून जगप्रसिद्ध झालेला कर्मिट त्याच वर्षी त्यांनी आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि डोळ्यांसाठी पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्ध घेऊन बनवला. त्यांना जे उमगले ते आपल्या सूत्रधारांच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखे आहे. टीव्हीचा पडदा हाच रंगमंच आहे, त्याच्या आत आणखी एक छोटा रंगमंच उभा करण्याची गरज नाही, हे त्यांनी ओळखले आणि लाकडी चेहऱ्यांच्या जागी हातात चुरगळता येतील असे मऊ चेहरे आणले, जेणेकरून जवळच्या दृश्यात बाहुलीच्या मनातले तिच्या तोंडावर दिसावे. बाहुली चालवणारा कलावंत स्वतः समोरच्या छोट्या पडद्यावर पाहत हात हालवू लागला. प्रेक्षक पाहतो तेच चित्र त्याच क्षणी पाहण्याची सोय रंगमंचावरच्या बाहुलीवाल्याला नसते.

हेन्सन यांच्या मालिका सर्वांना माहीत आहेत, पण सणासुदीला एकेकदा दाखवलेले त्यांचे विशेष कार्यक्रम वाऱ्यावर पडले. १९७९ मध्ये गायक जॉन डेन्व्हर आणि मपेट मंडळी, म्हणजे हेन्सन यांच्या कर्मिटसारख्या बाहुल्या, यांचा नाताळचा कार्यक्रम झाला. त्यातल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी गेली, कार्यक्रम मात्र विकत घेता येईल अशा स्वरूपात आलाच नाही. १९८७ च्या नाताळच्या कार्यक्रमात हेन्सन यांच्या वेगवेगळ्या मालिकांतील बाहुल्या एका घरात जमल्या होत्या. तो पुढे डीव्हीडीवर आला, पण गाण्यांचे हक्क न मिळाल्यामुळे त्यातली काही गाणी कापून. १९७७ मध्ये पाणमांजरांच्या एका गरीब कुटुंबावर केलेल्या कार्यक्रमाची गोष्ट तर याहून विचित्र आहे. त्यात निवेदन करणारा कर्मिट २००४ मध्ये इतर मपेटांबरोबर डिस्ने कंपनीच्या मालकीचा झाला आणि कार्यक्रम हेन्सन यांच्या कंपनीकडेच राहिला. परिणामी पुढच्या डीव्हीडीतून कर्मिटचे प्रसंगच काढून टाकले गेले. वाटण्या झाल्यावर भिंत घालताना मधल्या खोलीतले देवघरच कोणाकडे राहू नये, असा प्रकार कोकणातल्या सामायिक घरांत आपण पाहिलेला आहे. पुढे कर्मिट त्यात परत आला, म्हणजे मनात आणले तर वाटण्यांवर तोडगा निघतो, हेही खरे.

विशेष कार्यक्रमांचीच अशी आबाळ का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. मालिका विकता येते, कारण तिचे संच होतात. चित्रपटाला निर्माता असतो आणि तो त्याच्या मागे लागतो. विशेष कार्यक्रम मात्र पन्नास मिनिटांचा असतो आणि पाहुणे कलावंत, गायक, संगीतकार, वाहिनी आणि बाहुलीकार अशा अनेकांच्या सामायिक सातबाऱ्यावर उभा असतो. एकाने सही केली नाही, तरी व्यवहार अडतो. आपल्याकडे कायद्याने प्रसारणाचा हक्क २५ वर्षांनी संपतो, पण चित्रफितीचा हक्क ६० वर्षे चालतो आणि गाण्यांचे हक्क आणखी वेगळे असतात. त्यामुळे १९८० च्या दशकातला कार्यक्रम अजूनही कोणाच्या तरी मालकीचा असतो, आणि तो मालक कोण हे शोधण्याचा खर्च विक्रीतून निघण्यासारखा नसतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. कुडाळजवळचे पिंगुळी आपल्यापैकी अनेकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे माहीत असेल. तिथल्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून रामायण-महाभारतातील कथा गायची आणि चित्र मागे सारायचे. परशुराम गंगावणे यांनी घराच्या गोठ्यात या कलांचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या बाजूला बोलक्या बाहुल्यांची परंपरा पाध्ये घराण्याने चालवली. यशवंत पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या हातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून बाहुल्यांना पडदा मिळाला. प्रसार भारतीच्या संग्रहातले जुने कार्यक्रम अलीकडे यूट्यूबवर येऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

मग मला डीव्हीडीसारखी तबकडीच का हवी, असे माझ्या मुलाने विचारले, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. मपेट मंडळींच्या मूळ मालिकेचे पाच हंगाम होते. त्यांपैकी तीन २००५ ते २००८ या काळात डीव्हीडीवर आले आणि विक्रेत्यांनी तिथेच हात आखडता घेतला. २०२१ मध्ये सर्व हंगाम मागणीनुसार पाहण्याच्या सेवेवर आले, तेव्हाही काही गाणी गाळलेली होती. सेवेवर असलेली वस्तू आज आहे आणि उद्या नाही, आणि ती गेल्याचे आपल्याला कोणी कळवतही नाही. पिंगुळीच्या घरांत पोथी टिकली, कारण ती घरात होती. मला कार्यक्रम तसा घरात हवा आहे. त्यासोबत एक छापील पुस्तिका असावी आणि तिच्यात बाहुल्या कोणी कोरल्या, दोऱ्या कोणी धरल्या, मृदंगावर कोण होते, ही नावे असावीत. टीव्हीच्या चित्रासाठी भारतात पाल पद्धत आणि इथे एनटीएससी, या भेदामुळे आपण वीस-वीस किलोंच्या सामानातून आणलेल्या कॅसेटवर इथे नुसत्या रेघा धावताना पाहिल्या आहेत. तेव्हा नवी तबकडी कोणत्याही देशातील यंत्रावर चालेल अशी काढावी, ही पोटमागणीही मी जोडते.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. वाहिन्यांच्या कपाटांत जे पुसले गेले, त्यातले काही लोकांच्या माळ्यांवर असण्याची शक्यता आहे, कारण आमच्या काकांसारखे काका पुष्कळ होते. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ट्रंका उघडा. मात्र कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुरी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. कोकणातल्या दमट हवेत धरलेली ती बुरशी असते. ती यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागाला चिकटते, तिथून दुसऱ्या कॅसेटवर जाते आणि जीर्ण फीत तुटते ती वेगळीच. कोरड्या जागी ठेवून ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि मगच प्रत काढावी. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू यंत्रे आता दरवर्षी कमीच होणार आहेत. आमची कॅसेट अशीच साफ करून घेतली, म्हणून ही अकरा मिनिटे तरी हाती आली.

गेल्या मे महिन्यात ती मी लॅपटॉपवर घालून पिंगुळीला नेली. तिथल्या एका वयोवृद्ध कलावंतांनी मारुतीपर्यंतचा भाग दोनदा पाहिला आणि चिंधीचा अंगठा येताच हाताने खूण करून मला थांबवायला सांगितले. बराच वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिले. “हात वळखीचो वाटता गो,” ते म्हणाले, “पण नाव सांगूक जमाचा नाय.” त्यांना नाव आठवले नाही, याला इलाज नाही. पण ते नाव मूळ मुद्रणाच्या शेवटी पडद्यावर आलेले होते, आमच्या पडवीत बसलेल्या मुलांपैकी कोणीतरी ते वाचलेही असेल, आणि मूळ फीत एखाद्या संग्रहात असेल तर ते आजही तिच्यावर आहे.

चहापानानंतर शेजारच्या खोलीत ती अकरा मिनिटे दाखवण्याची सोय केली आहे. लग्न सुरू झाल्यावरही लगेच उठू नका, दोन मिनिटे थांबा. पंगतीच्या मागे, माजघराच्या दाराशी, हातात रिकामी सेलोटेपची रीळ घेऊन उभी असलेली मुलगी दिसेल.