सहा पूर्णांक शहाऐंशी

(दृश्य: धुकं, द्राक्षबाग, बांधावर निळा ड्रम)

निफाड तालुका. डिसेंबरची पहाट. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये विहिरीचं पाणी, त्यात सायट्रिक ॲसिड. थोड्या वेळानं यात जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, पडेल. त्याआधी पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट) साडेपाच-सहाच्या आसपास आणायचा, कारण अल्कधर्मी पाण्यात जीए टिकत नाही.

बागाईतदाराचा पीएच मीटर सांगतो ५.८. शेजाऱ्याचा, त्याच ड्रममध्ये, ६.६. दोघेही दशांशासकट, ठाम. काटा अडकलेला तराजू निदान ओळखू येतो; हा चुकताना चाचरतही नाही.

तसं हे यंत्र जन्मलंच फळांपायी. १९३४ साली कॅलिफोर्नियात अरनॉल्ड बेकमन यांनी ते बनवलं, लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला.

(दृश्य: मीटरचं टोक, अगदी जवळून)

टोकाला काचेचा इवलासा फुगा. पीएच एका अंकानं बदलला की, २५ अंश तापमानाला, इथला विद्युतदाब सुमारे ५९ मिलिव्होल्टनं बदलतो. काच जुनी झाली की कमी. म्हणून मीटर जुळवताना बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण बनवायच्या, एका पुडीवर भागत नाही: पहिली शून्य कुठे ते ठरवते, दुसरी काचेत किती दम उरलाय ते.

पहिल्या पुडीवर छापलंय ६.८६. पुष्कळ जण ते सात समजून पुढे जातात. शिवाय ६.८६ हे २५ अंशांचं. आजच्या दहा अंशांत तोच द्रव ६.९२ असतो. पुडीमागचा तक्ता त्यासाठीच आहे.

डिस्टिल्ड वॉटरनं टोक धुवायचं. टिपायचं, पुसायचं नाही. बुडवायचं, आणि आकडा थांबेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. पुन्हा धुऊन दुसरी पुडी, चारची. आपलं द्रावण या दोघींच्या मधे पडतं. ९.१८ ची तिसरी पुडी आज राहू द्या. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतायचं नाही, कितीही जीव तुटला तरी.

शेजाऱ्याचा मीटर लगेच जुळला. बागाईतदाराचा मात्र चारवर येईना. टोपण उघडलं तर आत कोरडं ठणठणीत, कडेला पांढरं मीठ. पोटॅशियम क्लोराईडचे चार थेंब तिथे कायम हवेत. टोक त्यातच तासभर भिजवलं, मग जमलं.

(दृश्य: दोन्ही मीटर ड्रममध्ये)

६.५. आणि ६.५.

सायट्रिक ॲसिडची पिशवी पुन्हा उघडली जाते. फवारणीचा ब्लोअर अजून उभाच आहे.