आधी संकष्टीचा चंद्र, टेलिस्कोप मग

मागे आवाज येतोय ना? बरं. तर मला दर कार्यक्रमात कोणीतरी आईबाबा गाठतात आणि विचारतात, मुलगी सातवीत आहे, स्पेसचं भयंकर वेड आहे, कुठला टेलिस्कोप घेऊ? मी म्हणतो काहीच घेऊ नका, निदान वर्षभर. त्यांना वाटतं हा माणूस कंजूष आहे. पण मी स्वतः ठेच खाल्लेली आहे हो, ऑनलाइन मागवला होता एक, खोक्यावर '५२५ पट' असं हे मोठ्ठं छापलेलं आणि भिंग होतं ६० मिलिमीटरचं. साधा हिशोब असा की भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायचा, फार तर तेवढ्या पटीपर्यंत मजा, म्हणजे इथे १२०. त्यापुढे नुसता धुरकट गोळा मोठा होत जातो. त्यात स्टँड असला लेचापेचा की जरा वारा आला की गुरू गेलाच. माळ्यावर पडलाय तो अजून.

मग सुरुवात कशाने करायची? तर संकष्टीने. हसू नका. घरात ताट वाढून सगळे चंद्रोदयाची वाट बघत बसतात आणि तो नऊ-साडेनऊशिवाय काही येत नाही, का येत नाही हे कधी विचारलंय? पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो, नंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशीर, चतुर्थीपर्यंत तीन-चार दिवस गेले की लागलाच की हिशोब. आणि उशीर का, तर चंद्र ताऱ्यांमधून रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, मग पृथ्वीला त्याला गाठायला अजून थोडं फिरावं लागतं. हात लांब करून मूठ धरा, ती झाली १० अंश. म्हणजे रोज एक मूठ आणि वर थोडं. आता ३६० ला २७ ने भागा बरं, १३ आणि एक तृतीयांश येतात, ही तुमची २७ नक्षत्रं, चंद्राचे रोजचे मुक्काम. कार्तिकातली पौर्णिमा कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षातली मृगाजवळ, माघातली मघेजवळ. महिन्यांची नावं उगाच नाही पडलेली, तुम्ही ती पाठ केलीत फक्त वर मान करून कोणी बघितलं नाही.

मृगावरून आठवलं. गावाकडे ७-८ जूनला मृग लागतो, पेरणीची गडबड. मी कॉलेजात असताना तेवढ्या ज्ञानावर जूनच्या रात्री गच्चीवर मृग शोधत बसलो होतो, ढग होते ते वेगळंच, पण ढग नसते तरी दिसला नसता, कारण मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, दिवसभर तो सूर्याबरोबरच डोक्यावर आणि संध्याकाळी सूर्याबरोबरच मावळला. बघायचा असेल तर डिसेंबरमध्ये संध्याकाळी पूर्वेला. तीन तारे एका रेषेत दिसले की तो बाण. ती रेघ खाली वाढवली की व्याधाचा तारा, ८.६ प्रकाशवर्षं, म्हणजे तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला तेवढी वर्षं लागतात, वर वाढवली की लालसर रोहिणी, जवळजवळ ६५ प्रकाशवर्षं. इथे पासष्टीचे कोण आहेत आजोबा? तुम्ही जन्मलात त्या सुमाराला तिथून निघालेला उजेड आज बघताय. मृगातच काक्षी नावाचा तारा तांबूस आणि राजन्य नावाचा निळसर पांढरा, आणि यात निळा तारा जास्त तापलेला, लाल त्यामानाने गार, म्हणजे आपल्या गिझरच्या नळाच्या बरोब्बर उलटं.

एकच गच्ची धरा, एकच वेळ, आणि वहीत काढा. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात हे पुस्तकात वाचून विसरायला होतं, महिन्याने तोच तारा दोन तास आधीच हजर झालेला बघितला की नाही विसरत. नंतर घ्यायचीच असेल तर १० बाय ५० ची दुर्बीण घ्या, म्हणजे १० पट आणि ५० मिलिमीटरचं भिंग, दोन डोळ्यांवाली, कोपर कठड्यावर टेकवून गुरूकडे धरलीत तर शेजारी त्याचे चंद्र दिसतात, गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये बघितले तेच. आणि एकटे बसू नका, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशप्रेमींची संस्था १९४४ पासून आहे, मुंबईची मंडळी आकाश बघायला वांगणीला रात्र काढतात. पावसाळ्यात आकाश बंदच, पण नारायणगावजवळ खोडदच्या आसपास रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, त्या रेडिओ लहरी ऐकतात, त्यांना ढगांचं काही नसतं.

हं, काकू विचारतायत मूळ नक्षत्रावर जन्म वाईट का. काकू, दर महिन्याला एक दिवस चंद्र मुळात असतोच, आणि तोही आपल्यापासून सव्वा प्रकाशसेकंदावर, मुळाचे तारे त्याच्या मागे कित्येक प्रकाशवर्षं लांब, त्यांचा एकमेकांशी संबंध काय? मूळ म्हणजे वृश्चिकाची नांगी, आकाशातला माझा सगळ्यात आवडता कोपरा. आकाशगंगेचा दाट पट्टा तिथूनच जातो आणि तिचं केंद्रही त्याच बाजूला. एप्रिलमध्ये अमावस्येला पहाटे चारला उठा, दक्षिणेकडे बघा, नातवालाही उठवा, शहरातून मात्र नाही दिसायचं, गावी जावं लागेल.