दौऱ्याची तयारी : रेंज जाते तिथून पुढे

(विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रचालक आणि विक्री प्रतिनिधींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिला आहे व्यावसायिक प्रवासाची साधनं. हा विषय मोबाईलवर शोधला की विमानतळावरचा लाउंज, बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन, सुटकेस तोलायचा काटा असलं सगळं निघतं. वाईट काही नाही त्यात. पण आपल्यातला एखादा सकाळी वर्ध्याहून निघतो, दुपारी समुद्रपूर-गिरड करतो आणि संध्याकाळी कुठल्यातरी फाट्यावर काळीपिवळीची वाट पाहत उभा राहतो. त्यानं हेडफोनचं काय करावं बाप्पा? नागपूरहून मुंबई गाठणं आता सोपं झालं. घाम निघतो तो तालुक्यापासून गावापर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरला. रेंज तिथेच जाते, लाइन तिथेच जाते, आणि चुकते ती गाडीही तिथलीच. म्हणून ॲप असो की वस्तू, मी एकच पाहतो, हे तिथे चालते काय?

नकाशापासून सुरू करू. गुगल मॅप्समध्ये आपला जिल्हा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवलं की ऑफलाइन मॅप्स दिसतं, तिथे चौकट ओढून हवा तेवढा भाग धरायचा. मग परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला निघालात आणि घाटात रेंज गेली तरी निळा ठिपका पुढे सरकत राहतो, कारण आपली जागा त्याला उपग्रहावरून कळते. मात्र अशा नकाशात रस्ता कुठे तुंबला याची ताजी खबर नसते, आणि मार्ग मिळतो तो फक्त गाडीचा. बसचा नाही, पायी जाण्याचाही नाही.

आता याचा खरा दोष सांगतो. पांदण आणि डांबरी यातला फरक त्याला नेहमीच कळतो असं नाही. चार किलोमीटर वाचतात म्हणून तो तुम्हाला बिनधास्त पांदणीत घालतो. उन्हाळ्यात काही बिघडत नाही. जुलैमध्ये काळ्या मातीत मोटरसायकल घातली की थोड्याच अंतरात मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती ठासून बसते, चाक फिरायचंच थांबतं, आणि माणूस पऱ्हाटीची काडी घेऊन माती उकरत बसतो. वरून पाऊस, सॅम्पलची पिशवी पाठीवर, आणि पुढच्या गावचा दुकानदार फोनवर विचारतो, ‘भाऊ, कुठवर आले?’ तेव्हा निघण्याआधी नकाशा सॅटेलाइटवर टाकून बघा. रेघ वावरावावरांतून जाताना दिसली तर सरळ दुकानदाराला फोन लावा. गावचा माणूस म्हणाला ‘फाट्यावरून या’, तर फाट्यावरूनच जा.

दुसरी भानगड गावांच्या नावांची. बोरगाव, वडगाव, पिंपळगाव यांना आपल्याकडे तोटा नाही, वर खुर्द आणि बुद्रुक आहेतच. ग्राहकाच्या नावापुढे तालुका आणि पिन कोड लिहायची सवय लावा. त्याहून चांगलं म्हणजे दुकानासमोर उभं असताना नकाशावर बोट दाबून धरा. खाली अक्षरं-आकड्यांचा आणि मध्ये अधिकचं चिन्ह असलेला कोड येतो, त्याला प्लस कोड म्हणतात. तो वहीत लिहिता येतो, फोनवर सांगता येतो. तुमची बदली झाली आणि नवा पोरगा आला, तर वहीतल्या एका पानावर त्याला सगळा एरिया समजतो. ‘मारुतीच्या पाराजवळ विचारा’ हा पत्ता त्याच्या काय कामाचा?

एसटीचं ऑनलाइन आरक्षण लांब पल्ल्याला ठीक आहे. खेड्यात रात्री जाऊन सकाळी परतणारी मुक्कामी गाडी तिथे शोधू नका. त्यासाठी मी सांगतो ते साधन फुकटातलं आहे. स्टँडवर उतरलात की वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढा आणि चौकशीच्या खिडकीत विचारून घ्या. फलकावर रंगानं वेळ लिहिलेली असते, आणि कोणीतरी तिच्यावर खडूनं फुली मारलेली असते. ती फुली महत्त्वाची! शाळेच्या पोरांसाठी धावणाऱ्या काही फेऱ्या सुट्टी लागली की बंद होतात, हेही खिडकीतच कळतं. परतीची शेवटची गाडी ठरली, की दिवस तिच्यापासून उलटा मोजत यायचा. सकाळी किती वाजता निघायचं हे त्या गाडीवरून ठरवा, हिशेब चुकत नाही.

मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आठवडी बाजार टाकून ठेवा. दर आठवड्याला आपोआप येईल असा पर्याय त्यात असतो. बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रावर कास्तकारांची झुंबड असते. नवीन औषधाची माहिती ऐकायला दुकानदाराला सवड नसते. वसुलीला मात्र दुसरा दिवस बरा, गल्ल्यात पैसा असतो. मीटिंगा लावायला केलेलं ते कॅलेंडर, आपल्याला बाजारासाठी जास्त उपयोगी.

पावर बँकेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण त्यात लोक फसतात. डब्यावर 10000 एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या बॅटरीचा, 3.7 व्होल्टवरचा. मोबाईलला ती वीज 5 व्होल्ट करून जाते, मध्ये थोडी उष्णतेत वाया जाते, आणि हाती लागतं 6000 च्या आसपास. पाठीमागे बारीक अक्षरात ‘रेटेड कॅपॅसिटी’ म्हणून खरा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण नसलेली रस्त्यावरची स्वस्त वस्तू घेऊच नका. विमानात नियम वॅट-अवरचा, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्याचा आहे. 20000 एमएएचला 3.7 नं गुणून हजारानं भागलं की 74 येतात. शंभरच्या आत असलं की चालतं, पण हातातल्या बॅगेत; सामानात दिलेल्या बॅगेत पावर बँक चालत नाही. नागपूरहून जा की अमरावतीहून, नियम एकच. हो, अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झाला, मुंबईची सोय झाली.

पण आपल्याकडे बॅटरीचा खरा वैरी ऊन. ॲपल आपल्या फोनसाठी सांगतं की 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो! त्यात पावर बँक मोटरसायकलच्या डिक्कीत टाकून तुम्ही दुकानात तासभर बसता. डिक्की म्हणजे तेव्हा भट्टीच असते. उष्णतेनं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगलीच तर धोका वेगळा. फुगलेली पावर बँक लगेच वापरातून काढा, ‘चालते अजून’ म्हणू नका. दुपारी ती खांद्यावरच्या पिशवीत, सावलीत पाहिजे. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन लावून नकाशा आणि चार्जिंग दोन्ही सुरू ठेवलं की तो तापून स्क्रीन अंधुक करतो. एसीच्या झडपेसमोर लावायचा होल्डर मिळतो, तो घ्या.

मोटरसायकलच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांसाठी अजून एक. ॲपलनंच 2021 मध्ये सांगून ठेवलं आहे की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनानं कॅमेऱ्याचं फोकस बिघडू शकतं. आपले रस्ते त्यात भरच घालतात. कंपन शोषणारा रबरी होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात आणि एका कानात आवाज एवढं पुरे.

लॉजवर जाताना लहान एक्स्टेंशन बोर्ड न्या. एकच सॉकेट, तेही दरवाजामागे, आणि खोलीत दोघे. हे तुम्हाला मी सांगायला नको. सिम दोन कंपन्यांची असावीत, पण कोणती हे जाहिरातीवरून ठरवू नका. गडचिरोलीतल्या भामरागडला जायचं असेल तर भामरागडच्या दुकानदारालाच विचारा, तुमच्याकडे कोणाची रेंज येते. पावसाळ्यात त्यालाच पर्लकोटा नदीच्या पुराचंही विचारा.

पावसावरून आठवलं. दामिनी हे ॲप तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं केलेलं आहे, फुकट आहे. तुमच्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या घेरात वीज पडते आहे का ते दाखवतं. उघड्या वावरातून मोटरसायकल चालवणाऱ्याला याच्याइतकं कामाचं ॲप मी पाहिलं नाही. एवढंच की त्याला इंटरनेट लागतं, म्हणून गाव सोडायच्या आधी बघायचं. घेरात वीज दिसली तर पक्क्या घरात थांबा. झाडाखाली गाडी लावून उभे राहू नका.

रेल्वेचं तिकीट सगळ्यांना काढता येतं, त्यात जात नाही. तत्काळची एक खोच सांगतो. एसीचं तत्काळ सकाळी 10 ला आणि बिगर एसीचं 11 ला उघडतं, आदल्या दिवशी. पण आदला दिवस मोजायचा गाडी जिथून सुटते तिथून. हावड्याहून मुंबईला जाणारी गीतांजली नागपूर-बडनेऱ्याला पोचते दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुम्हाला 10 तारखेला बडनेऱ्याहून बसायचं असेल, तर गाडी हावड्याहून 9 ला निघते आणि तत्काळ 8 तारखेलाच उघडतं. 9 ला सकाळी दहाच्या ठोक्याला बसलात तर हाती काय येणार! जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणीही लागते, ती आधीच करून ठेवा. गाडीत बसल्यावर ‘व्हेअर इज माय ट्रेन’ टाका, ते मोबाईल टॉवरच्या खुणेवरून, इंटरनेट नसतानाही, गाडी कुठवर आली ते सांगतं.

आता कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, ‘फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा काय?’ खाजगी कार असेल आणि तुमचा एरिया नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा या 44 नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर असेल, तर जरूर घ्या. एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. 15 ऑगस्ट 2025 पासून तो सुरू झाला, तेव्हा 3000 रुपयांना होता. पण तो नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर चालत नाही, कारण समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे. तिथे नेहमीसारखा टोल कापला जातो. समृद्धीवर मोटरसायकलला मुळीच प्रवेश नाही. आणि तिथे जाण्याआधी टायर थंड असतानाच त्याची हवा मोजा. सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारा हवेचा पंप मिळतो, त्यावर दाबाचा आकडा दिसतो. डिझेलही आधीच भरा.

शेवटी बिलं. पेट्रोल पंपाची, लॉजची पावती बहुतेक थर्मल कागदावर असते. उन्हात ठेवली, किंवा पाकिटात महिनाभर राहिली, की अक्षरं उडतात आणि हेड ऑफिस कोऱ्या कागदावर टीए, म्हणजे प्रवासभत्ता देत नाही. पावती हातात पडली की तिथेच मोबाईलनं स्कॅन करा. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, रेंज नसेल तर साधा फोटो काढून ठेवा. दुकानदारांसाठी जीएसटीचं एक. बियाण्यांच्या कामासाठी तुम्ही हैदराबादला जाता. तिथल्या हॉटेलच्या बिलावर केंद्राचा आणि तेलंगणाचा कर लागतो, आणि तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली असेल तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या करातून वजा करून घ्यायची सोय, तुम्हाला मिळत नाही, बिलावर आपला नंबर घातला तरी. नागपूरच्या हॉटेलची गोष्ट वेगळी, तिथे नंबर आवर्जून द्या आणि क्रेडिट कितपत मिळेल ते आपल्या सीएला विचारा. हैदराबादची खोली ऑनलाइन पाहताना मात्र भाव करासकटच धरा.