उत्तम नाचता येतं, पण शिकवता येतं का?

नमस्कार मंडळी. आज नाशिकमधून आपल्या कथकच्या मुलींशी बोलायचंय.

विशारद झालं, चार कार्यक्रम झाले, कालिदास कलामंदिरच्या रंगमंचावर टाळ्या पडल्या, की घरून विचारणा सुरू होते, "आता क्लास कधी काढतेस?" मग गंगापूर रोडला एखादा हॉल बघायचा, बोर्ड लावायचा. मला मनापासून वाटतं, यात मधला एक टप्पा गळतो. तो म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली पढंत, म्हणजे हातावर ताल देत नाचाचे बोल म्हणणं.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा असतात. हे मंडळ गायक विष्णु दिगंबर पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली उभं केलं, आणि पलुसकरांचा रामनाम आधार आश्रम आपल्या नाशिकचाच, हे मुद्दाम सांगते. परीक्षेत आपण पढंत करतो ती स्वतःच्या नाचाची. पण मैत्रीण नाचतेय आणि आपण हातावर ताल देत बोल म्हणतोय, असं करून बघा. तिची टाच कुठल्या मात्रेला उशिरा पडते, चक्कर घेण्याआधी खांदा कसा उचलला जातो, हे तेव्हाच दिसतं. शिक्षिकेची नजर इथे तयार होते.

आता हे बघा. (हातावर ताल देत) तीनताल, मात्रा १६. 'तिग दा दिग दिग थेई', एका मात्रेला एक बोल, म्हणजे ५ मात्रा. मग १ मात्रा थांबायचं. पुन्हा ५, पुन्हा १, पुन्हा ५. झाल्या १७. समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उठलात तर शेवटचा 'थेई' बरोबर पुढच्या समेवर येतो. नाचताना हे अंगात बसलेलं असतं, मोजावं लागत नाही. पण समोरची दहा वर्षांची मुलगी विचारते, "ताई, माझी सम का चुकली?" तेव्हा हे बोटांवर मोजून दाखवता यायलाच हवं. बहुतेक वेळा ती मधल्या मात्रेला थांबलेलीच नसते.

आणखी एक. मुलींकडे तोंड करून शिकवताना तुमचा उजवा हात त्यांना डावा दिसतो. त्यामुळे सगळं उलट्या अंगाने करायची सवय लावून घ्या. आणि फरशीवर तासन्‌तास तत्कार (पायांनी ताल धरण्याचा सराव) करून घेऊ नका, गुडघे जातात.

नृत्यरचनेकडे वळू. एकल परंपरेतल्या कथकला समूहाची भाषा देण्यात कुमुदिनी लाखिया यांचं काम फार मोठं. अहमदाबादची 'कदंब' संस्था त्यांचीच. समूह म्हणजे एकच तुकडा आठ जणींनी एकसारखा करणं, एवढंच नव्हे. मघाचीच तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणलेले ते बोल, घ्या. पहिला पल्ला, म्हणजे पहिले पाच बोल, डावीकडच्या तिघींना, दुसरा उजवीकडच्या तिघींना, तिसरा सगळ्यांना मिळून. मधल्या त्या एका मात्रेत कुणीही हलायचं नाही, फक्त नजर पुढच्या गटाकडे. प्रेक्षकाची नजर आपोआप तिकडे जाते, आणि समेला सगळा मंच एकदम भरतो.

शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम आला की तुम्हाला बोलावणी येतील. तिथे शेकडो घुंगरांचे कठीण तोडे नकोत. हीच तिहाई चौथीच्या मुलांना टाळ्यांवर शिकवा, पाय नंतर. आणि पहिल्या दिवसाची तालीम निम्मी तरी फक्त थांबण्याची घ्या.