पाय हलव बघू

(ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. हिरव्या कापडांच्या मधोमध उघडी पाठ. मॉनिटरची टिक-टिक.)

पालथं झोपवलंय, तोंडाखाली फोमची उशी, बाकी सगळं अंग झाकलेलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे असं धरून चला, कारण स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा जो प्रकार आहे ना, तो बहुतेक वेळा दहा ते अठरा या वयात लक्षात येतो आणि ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्यांत मुलीच जास्त असतात. बाक साधारण 45-50 डिग्रीच्या पुढे गेला की सर्जन ऑपरेशनचा विषय काढतात. मणक्यांत स्क्रू बसवायचे, स्क्रूंमधून रॉड घालायचा आणि रॉडच्या जोरावर कणा जमेल तितका सरळ करायचा.

या कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू आहे, करंगळीएवढा जाड, तोही जेमतेम. मेंदूने पायाला धाडलेला प्रत्येक निरोप याच्यातून खाली जातो. स्क्रू थोडा आत घुसला, किंवा कणा सरळ करताना रज्जू ताणला गेला आणि त्याचा रक्तपुरवठा कमी पडला, तर बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. आणि जिला विचारायचं ती तर भुलीत.

पूर्वी खरंच विचारायचे हो. 1973 मध्ये फ्रान्समधल्या वोझेल आणि स्टान्यारा यांच्या टीमने ही पद्धत छापून आणली, वेक-अप टेस्ट. पाठ उघडी, रॉड बसवलेला, आणि भूल हलकी करून पेशंटला हाक मारायची. आधी म्हणायचं हात दाब, तो दाबला की कळलं ऐकू येतंय, मग म्हणायचं पाय हलव बघू. हात हलला आणि पाय नाही हलला तर रॉड ढिला करा. टेस्ट चांगली आहे, आजही गरज पडली तर करतात, पण ती सांगते फक्त त्या एका क्षणाचं. दहा मिनिटांनी काही बिघडलं तर परत उठवणार का? आणि अर्धवट शुद्धीतल्या पोरीने टेबलवर अंग झटकलं तर?

मग सिग्नल बघायला सुरुवात झाली, पण आधी उलट दिशेचे. घोट्याजवळच्या नसेला बारीक करंट द्यायचा आणि तो वर मेंदूपर्यंत पोचतो का ते डोक्यावर पकडायचं, याला एसएसईपी म्हणतात. उपयोगी आहे, पण हा संवेदनेचा रस्ता, रज्जूच्या मागच्या बाजूने जाणारा. हालचालीचा रस्ता पुढे आणि बाजूला असतो आणि रज्जूच्या पुढच्या साधारण दोन तृतीयांश भागाला रक्त मिळतं ते पुढच्या एकाच धमनीतून. म्हणजे मागचा रस्ता चालू, पुढचा बंद, असं होऊ शकतं. 1980च्या दशकात तशा केसेस छापूनच आल्या, एसएसईपी शेवटपर्यंत व्यवस्थित आणि पेशंट उठला तर पाय लुळे. पाणी येतंय का बघायला आपण शेजारच्याच नळावर लक्ष ठेवून होतो, असं काहीसं.

मग सरळ मेंदूलाच करंट द्यायचा ना? कल्पना जुनीच. 1870 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला करंट दिला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. हा उद्योग त्यांनी लॅबमध्ये नाही तर हिट्झिगच्या घरी केला, घरच्यांचं काय म्हणणं होतं देव जाणे. पण कवटी न उघडता, बाहेरून, जाग्या माणसात हे करायला 1980 उजाडलं. इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून हाय व्होल्टेजचा एक अगदी क्षणभराचा झटका दिला आणि हाताचा स्नायू आकसला. झटका चांगलाच दुखायचा, पण रस्ता सापडला.

अडलं ते भुलीपाशी. जाग्या माणसात एका झटक्यात हलणारा हात भूल दिल्यावर ढिम्म. कारण मेंदूतून निघालेला तंतू रज्जूत ज्या पेशीला जाऊन भेटतो, जी पुढे स्नायूला हुकूम देते, ती पेशीच भुलीने पेंगलेली असते.

आता हे समजायला गावातला हापसा आठवा. एकदा दांडा मारला तर पाणी येत नाही. चार-पाच वेळा पटापट मारला की येतं, आणि मधे दम खात बसलात तर चढलेलं पाणी परत खाली. 1993 मध्ये जर्मनीत तानिगुची आणि सहकाऱ्यांनी उघड्या मेंदूवर हेच केलं, एका झटक्याऐवजी झटक्यांची छोटी माळ, आणि भुलीतल्या माणसाचा स्नायू हलला. पुढच्या काही वर्षांत हीच माळ डोक्याच्या कातडीवरून द्यायला लागले. आजही साधारण तेच, पाचेक झटके, दोघांत दोन ते चार मिलिसेकंदांचं अंतर, व्होल्टेज काहीशे. पहिल्या झटक्याने पेशी कूस बदलते, दुसऱ्या-तिसऱ्याने डोळे किलकिले करते, आणि मग एकदाची उठून स्नायूला सांगते, हल.

(डोक्याचा क्लोजअप. केसांत दोन स्प्रिंगसारखे इलेक्ट्रोड.)

बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे दिसतात म्हणून कॉर्कस्क्रूच म्हणतात त्यांना. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, नडगीच्या बाजूच्या स्नायूत, पायाच्या तळव्यात दोन-दोन बारीक सुया. वर झटका दिला की हाताचं उत्तर साधारण 20 मिलिसेकंदांत आणि पायाचं 30 ते 40 मध्ये स्क्रीनवर. ही जी वेडीवाकडी लाट दिसतेय ना, तिला म्हणतात एमईपी, मोटर इव्होक्ड पोटेन्शियल.

आणि यात भूलतज्ज्ञाची साथ नसेल तर मॉनिटरिंगवाली, म्हणजे झटके देऊन या लाटा बघत बसणारी, काहीही करू शकत नाही. नेहमीचा भुलीचा गॅस हा सिग्नल मारून टाकतो, म्हणून शिरेतून प्रॉपोफॉल आणि फेंटानिलसारखं औषध. स्नायू ढिले करणारं औषध फक्त सुरुवातीला नळी घालण्यापुरतं, नंतर नाही, कारण स्नायूच लुळा केला तर उत्तर कोण देणार. आणि दातांत गॉजच्या घट्ट गुंडाळ्या, कारण झटक्याबरोबर जबडा आवळतो आणि जीभ चावली जाते. हा यातला सगळ्यात नेहमीचा त्रास आहे, मेंदूबिंदूचा नाही, जिभेचा.

"सर, एमईपी घेते."

"थांबा... हं, घ्या."

सर्जन हत्यार बाहेर काढतात, पेशंटचं अंग हलकंसं उडतं, लाट येते. चार-पाच तास हेच. मधे लाट जरा लहान होत जाते, तेवढंच उत्तर मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, पण भूल लांबली की असं होतंच.

(रॉड फिरवताना हात. मग स्क्रीन. पायाच्या ओळी सपाट.)

आणि मग कधीतरी हे. दोन्ही पायांचं उत्तर गेलं.

या क्षणी ओटीत काय होतं ते बघण्यासारखं असतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अशा वेळेसाठी चेकलिस्ट छापली, त्यात अगदी सुरुवातीलाच आहे काम थांबवा, सगळ्यांना सांगा, गाणी आणि गप्पा बंद करा. हो, ओटीत गाणी लागलेली असतात. मग पहिला प्रश्न, हातांचं काय? हातांचंही गेलं असेल तर गडबड बहुतेक सगळ्या शरीराची नाहीतर मशीनची, म्हणजे भूल खोल गेली, बीपी पडलं, डोक्यावरची वायर निघाली. हात शाबूत आणि पाय गायब, तर मग नजर पाठीकडेच जाते, कारण हातांचे निरोप मानेतूनच बाहेर पडतात आणि आपण काम करतोय त्याच्या खाली. वेक-अप टेस्टमध्ये आधी हात दाबायला सांगायचे, तोच हिशेब.

"मॅडम, आत्ता भुलीचं औषध एकदम जास्त दिलंत का?"

"नाही. बीपी कमी आहे, वाढवते."

रक्तदाब वाढवतात, रक्त कमी झालंय का बघतात, अंग गार पडलंय का बघतात, सर्जन शेवटची केलेली गोष्ट उलटी करतात, म्हणजे रॉडचा जोर सोडतात, संशय असेल तो स्क्रू काढतात. परत झटका. वाट बघायची. परत झटका. मिनिटं जातात. बऱ्याचदा लाट परत येते आणि मग कणा थोडा कमी सरळ करून भागवतात. नाही आली तर काम तिथेच आवरायचं का, वेक-अप करायची का, हे ठरवायला मशीनमध्ये बटण नसतं.

बरं, लाट किती लहान झाली की घाबरायचं यावरच एकमत नाही. कुणी म्हणतं निम्मी झाली की सांगा, कुणी म्हणतं 80 टक्के पडू दे, कुणी पूर्ण गेल्याशिवाय मानत नाही. सारखं ओरडलं तर सर्जन ऐकेनासा होतो आणि गप्प बसलं तर पाय जातात. मला विचाराल तर सगळ्यात अवघड जागा त्या मॉनिटरिंगवालीच्या खुर्चीची, कारण तिच्या हातात ना सुरी ना औषध, फक्त तोंड.

रज्जूच्या आतल्या गाठीच्या ऑपरेशनला अजून एक पुरावा लागतो, डी-वेव्ह. रज्जूच्या आवरणावर पातळ इलेक्ट्रोड ठेवून, त्या पेंगणाऱ्या पेशीला वळसा घालून, तंतूंचा सिग्नल थेट ऐकायचा. पॅटन आणि अमॅसियन यांनी 1954 मध्ये प्राण्यांत ही लाट दाखवली होती. स्नायूचं उत्तर गेलं पण डी-वेव्ह निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर पाय काही दिवस कमजोर राहतात आणि बहुधा परत येतात, तेवढ्या भरवशावर सर्जन गाठ अजून थोडी काढू शकतो.

(परत आपली ओटी. पाठ शिवून झालीय. पेशंटला वळवून उताणं केलंय.)

शेवटची लाट सेव्ह झाली, हात आणि पाय दोन्ही. भूल उतरायला लागलीय. मॉनिटरिंगवाली खाली वाकून सुया काढतेय आणि ट्रेमध्ये मोजून टाकतेय, कारण एखादी चादरीत राहिली तर ती कुणाच्यातरी बोटात जाणार. चौदा, पंधरा, सोळा. उशाशी भूलतज्ज्ञ मॅडम वाकून मुलीला हाक मारतायत, डोळे उघड बाळा, हात दाब माझा, छान, आता पाय हलव बघू.