मंगळवाल्यांच्या रात्रीचे टपाल

[पडद्यावर : लाकडी पेटीचा जुना रेडिओ. मागे मंद नृत्यसंगीत.]

रविवार, ३० ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजले आहेत. मॅडिसन अव्हेन्यूवरील सीबीएस या रेडिओ कंपनीच्या इमारतीत, विसाव्या मजल्यावरच्या स्टुडिओत एक नभोनाट्य सुरू होत आहे. हे मर्क्युरी थिएटर या नाट्यसंस्थेचे सादरीकरण असून एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवर आधारलेले आहे, असे निवेदक आरंभीच सांगतो. नाटकाचा सूत्रधार आहे अवघ्या २३ वर्षांचा ऑर्सन वेल्स. कादंबरीकार आणि नाटकवाला यांची आडनावे इंग्रजीत थोडी वेगळी असली तरी मराठीत ती सारखीच लिहावी लागतात. म्हणून या निवेदनात एकाला एच. जी. आणि दुसऱ्याला ऑर्सन एवढेच म्हणू.

नाटक खरे समजून लोक घाबरले; त्या तासाभरात काय घडले, हे जगाने वर्तमानपत्रांकडून ऐकले. प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांचे म्हणणे मात्र पत्रांत, तारांत आणि पोस्टकार्डांत राहिले, आणि त्यांतील बरेचसे पेट्यांत बंद होऊन पडले. हा माहितीपट त्या टपालाविषयी आहे.

प्रथम नाटकाची रचना लक्षात घेतली पाहिजे, कारण पत्रांतील सारा वाद तिच्यातूनच निघाला. एच. जी. यांच्या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडमध्ये उतरतात. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉच यांनी त्यांना अमेरिकेत आणले, आणि नेमके कोठे उतरवायचे हे ठरविण्यासाठी न्यू जर्सीच्या नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकविली, असे ते पुढे सांगत असत. पेन्सिल ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यावर पडली. नाटकाची सुरुवात हवामानाच्या अंदाजाने होते, मग एका हॉटेलातील वाद्यवृंद ऐकू येतो, आणि संगीत मध्येच तोडून बातमी येते की मंगळावर स्फोट दिसले आहेत. संगीत पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. नंतर ग्रोव्हर्स मिलच्या एका शेतात काहीतरी पडल्याचे कळते आणि कार्ल फिलिप्स नावाचा बातमीदार तेथून बोलू लागतो.

[पडद्यावर : काचेची बरणी. एक हात तिचे झाकण हळूहळू फिरवीत आहे.]

त्या शेतात पडलेल्या धातूच्या नळकांड्याचे झाकण आतून फिरू लागते, तेव्हा जो खरखरता आवाज येतो तो बरणीच्या झाकणाचा होता. सीबीएसच्या ध्वनिपरिणाम विभागाच्या प्रमुख ओरा निकोल्स यांनी तो साधला. घुमारा यावा म्हणून बरणी शौचकूपाच्या भांड्यात धरून उघडली, असेही सांगतात. बातमीदाराची भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिक यांनी तर त्याहून गंभीर पूर्वतयारी केली होती. मे १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे हवाई जहाज न्यू जर्सीतच जळून कोसळले, तेव्हा हर्बर्ट मॉरिसन या निवेदकाने रडवेल्या आवाजात केलेल्या वर्णनाचे ध्वनिमुद्रण रीडिक पुन्हा पुन्हा ऐकत होते. सुरुवातीचा सराईत सूर, मग अडखळणे, मग आवाज चिरकणे, हे सारे त्यांनी तेथून उचलले. आणि मंगळवाल्यांच्या उष्ण किरणाने जमाव पेटतो त्या क्षणी त्यांचा आवाज एकदम बंद पडतो. काही सेकंद रेडिओवर काहीच नाही. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत प्रभावी ध्वनिपरिणाम म्हणजे ही शांतताच. रेडिओ गप्प बसत नाही, हे त्या काळच्या लहान मुलालाही ठाऊक होते.

हे नाटक आहे, अशी घोषणा प्रसारणात एकूण चार वेळा झाली. मात्र पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये सुमारे ४० मिनिटे गेली. त्याच वेळी दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन यांचा बोलक्या बाहुल्याचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. तिकडून कंटाळून जो कोणी मध्येच इकडे वळला असेल, त्याच्या कानावर आरंभीचे निवेदन पडलेले नव्हते. शिवाय महिन्याभरापूर्वीच म्युनिक कराराच्या वेळी युरोपात युद्ध पेटणार की टळणार या चिंतेत अमेरिकन घरे रेडिओला कान लावून बसली होती, आणि कार्यक्रम तोडून येणारी बातमी खरी असते ही सवय त्या दिवसांत लागली होती.

[पडद्यावर : ३१ ऑक्टोबर १९३८ च्या वर्तमानपत्रांची पहिली पाने.]

दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर मथळा दिला : युद्धनाट्य खरे समजून रेडिओ-श्रोत्यांत घबराट. इतर वर्तमानपत्रांनी याहून भडक मथळे दिले. लोक रस्त्यावर धावत सुटले, घरे सोडून पळाले, अशी वर्णने छापून आली. आता हेही विसरता कामा नये की जाहिरातींचा पैसा त्या काळी वर्तमानपत्रांकडून रेडिओकडे वळत होता, त्यामुळे रेडिओ हे बेजबाबदार माध्यम आहे असे दाखविण्याची संधी संपादकांना नकोशी नव्हती. त्या रात्री सी. ई. हूपर या संस्थेने दूरध्वनीवरून सुमारे ५,००० घरांत चौकशी केली, तेव्हा जेमतेम दोन टक्के घरांनी ऑर्सनचे नाटक ऐकत असल्याचे सांगितले. सारा देश ऐकत होता आणि सारा देश पळत होता, हे चित्र या आकड्यापुढे टिकत नाही.

मग खरोखर ऐकणाऱ्यांचे मत काय होते?

ऑर्सन आणि त्याच्या मंडळींना आलेली सुमारे १,४०० पत्रे आज मिशिगन विद्यापीठात आहेत. अमेरिकेतील प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे सहाशेहून अधिक पत्रे आणि तारा गेल्या, त्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ए. ब्रॅड श्वार्ट्झ या संशोधकाने हे दोन्ही गठ्ठे वाचून २०१५ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीनुसार या पत्रांपैकी सुमारे २७ टक्केच पत्रे स्वतः घाबरलेल्यांची किंवा कोणाला तरी घाबरलेले पाहिलेल्यांची होती. घाबरलेल्यांपैकीही घर सोडून निघालेले थोडेच. बाकीच्यांनी काय केले? जे आपण कोणीही करू तेच केले : नातलगांना फोन लावला, शेजाऱ्याचे दार वाजविले, पोलिसांना विचारले.

मिशिगनच्या पेटीतील बहुतेक टपाल कौतुकाचे आहे, आणि त्यात आश्चर्य नाही. कलावंताला पत्र लिहायला बसतो तो बहुधा त्याचा चाहताच असतो. आकाशवाणीला पोस्टकार्डे धाडणाऱ्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. त्यातही लक्षवेधी पत्रे आहेत ती आधी घाबरून मग दाद देणाऱ्यांची. आपण फसलो हे कबूल करून, इतके चांगले नाटक यापूर्वी ऐकले नव्हते असे सांगणारा श्रोता मला साध्या चाहत्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. आलेल्या तारांपैकी सर्वांत खट्याळ तार समीक्षक अलेक्झांडर वूलकट यांची होती. तिचा आशय असा, की हुशार माणसे त्या वेळी बाहुल्याचे बोलणे ऐकत होती आणि बाहुले तेवढे तुझे ऐकत होते, हेच यावरून सिद्ध झाले.

कमिशनकडे गेलेल्या टपालाचा नूर निराळा आहे. त्यातील सुमारे ६० टक्के पत्रे निषेधाची होती. न्यू जर्सीतील ट्रेन्टन या शहराचे सिटी मॅनेजर पॉल मॉर्टन यांनी लिहिले, की दोन तासांत सुमारे २,००० फोन आले आणि पोलिसांची दूरध्वनी-व्यवस्था साफ कोलमडली. त्या वेळात खरोखरीचा काही प्रसंग ओढवला असता तर काय झाले असते, असा त्यांचा सवाल होता. ट्रेन्टन ग्रोव्हर्स मिलपासून जवळच आहे, त्यामुळे ही तक्रार निव्वळ कांगावा म्हणून बाजूला सारता येत नाही. काहींनी शिक्षेची मागणी केली, काहींनी केंद्राचा परवाना काढून घ्यावा असे सुचविले.

पण उरलेली ४० टक्के पत्रे वाचताना असे दिसते की नाटक राहिले बाजूला आणि श्रोते एकमेकांशीच भांडत आहेत. चार माणसे घाबरली म्हणून सरकारने कार्यक्रम आधी तपासायला सुरुवात केली, तर आपल्यात आणि हुकूमशहांच्या देशांत फरक काय राहिला, असे कित्येकांनी लिहिले. ही भीती हवेतली नव्हती, कारण आयोवाचे सिनेटर क्लाइड हेरिंग यांनी कार्यक्रमांची पूर्वतपासणी व्हावी असा कायदा आणण्याचे खरोखरच जाहीर केले होते. फसणाऱ्यांच्या अकलेचा उद्धार करणारी पत्रेही पुष्कळ आहेत. केंद्र बदलून पाहायला दोन सेकंद लागतात, एवढे ज्यांना सुचले नाही त्यांच्यासाठी आम्ही आमची नाटके का गमवावीत, असा त्यांचा सूर आहे. २ नोव्हेंबरला 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये स्तंभलेखिका डॉरथी टॉम्प्सन यांनी याच्याही पुढे जाऊन लिहिले, की काही परिणामकारक आवाज आणि थोडे ध्वनिपरिणाम यांच्या जोरावर लोकांना काहीही पटविता येते हे ऑर्सनने दाखवून दिले, त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

५ डिसेंबरला कमिशनने कोणतीही कारवाई न करण्याचे ठरविले. बातमीपत्राचे सोंग पुन्हा अशा रीतीने आणणार नाही, असे सीबीएसने आधीच मान्य केले होते. त्याच महिन्यात कॅम्पबेल सूप या कंपनीने ऑर्सनचा कार्यक्रम पुरस्कृत केला. तोपर्यंत त्याला एकही जाहिरातदार नव्हता.

[पडद्यावर : खिडकीतून दिसणारा रात्रीचा रिकामा रस्ता.]

घाबरलेल्यांच्या मनात नेमके काय चालले होते, हे शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी केला. प्रिन्स्टन ग्रोव्हर्स मिलच्या शेजारीच, आणि नाटकातला खगोलशास्त्रज्ञही प्रिन्स्टनचाच. संशोधकाला विषय घरपोच मिळाला म्हणायचा. त्यांच्या गटाने १३५ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९४० साली पुस्तक प्रसिद्ध केले. नाटक साठ लाख लोकांनी ऐकले आणि त्यांतील बारा लाखांच्या आसपास घाबरले किंवा अस्वस्थ झाले, हा सर्वत्र उद्धृत होणारा अंदाज त्याच पुस्तकातला. हा आकडा हात राखूनच घ्यावा, असे मी म्हणेन. तो प्रसारणानंतर काही आठवड्यांनी झालेल्या पाहणीवर उभा आहे, आणि तोवर मथळे सर्वांनी वाचलेले होते. मुलाखतींसाठी निवडलेली बहुतेक माणसेही घाबरलेली म्हणून निवडलेली होती.

मुलाखतींतील तपशील मात्र अमोल आहेत. एकाने खिडकीतून पाहिले तर रस्ता मोटारींनी भरलेला; त्याने ताडले की लोक पळत आहेत. दुसऱ्याने पाहिले तर रस्त्यावर एकही मोटार नाही. त्याने ताडले की पुढचे रस्ते उद्ध्वस्त झाल्यामुळे वाहतूक अडकली आहे. तिसऱ्याला सारे नेहमीसारखेच दिसले, तेव्हा संकट अजून आपल्या भागात पोहोचलेले नाही अशी त्याची समजूत झाली. अनेकांच्या डोक्यात मंगळवासी नव्हतेच; हल्ला जर्मनांनी केला असावा असे त्यांना वाटले होते. याउलट, ज्यांनी घड्याळाकडे लक्ष दिले त्यांना चटकन कळले की काही मिनिटांत फौजा जमणे, लढणे आणि नष्ट होणे शक्य नाही. वॉशिंग्टन राज्यात काँक्रीट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे नाटक चालू असतानाच योगायोगाने वीज गेली. त्या गावकऱ्यांना घड्याळ पाहण्याचा सल्ला देण्याचे धाडस मी करणार नाही.

बारा वर्षेही गेली नाहीत तोच इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटो येथे, १२ फेब्रुवारी १९४९ रोजी रेडिओ क्विटोने हेच नाटक स्थानिक नावे घालून सादर केले. तेथे श्रोत्यांनी पत्रे लिहिली नाहीत. हे नाटक होते असे कळल्यावर संतापलेल्या जमावाने केंद्र आणि 'एल कोमेर्सियो' हे वर्तमानपत्र ज्या इमारतीत होते ती पेटवून दिली आणि किमान सहा माणसे प्राणांना मुकली. अमेरिकेतील घबराटीची टिंगल करताना ही रात्र आठवावी.

ऑक्टोबर १९४० मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या एका रेडिओ केंद्रावर एच. जी. आणि ऑर्सन समोरासमोर आले. मूळ लेखकाने नाटकवाल्यापाशी शंका काढली, की अमेरिकेत खरेच एवढी घबराट उडाली होती, की ती तुमची हॅलोविनची, म्हणजे भुतांची सोंगे आणण्याच्या सणाची, गंमत होती? प्रसारणाच्या शेवटी ऑर्सनने स्वतःच म्हटले होते, की चादर पांघरून झुडपामागून 'भो' करण्याचा हा रेडिओवरचा प्रकार समजा.

[पडद्यावर : काळ्या बुटांचा जोड, टेबलावर.]

कँट्रिल यांच्या पुस्तकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका कामगाराचे पत्र आहे. रेडिओवरची बातमी ऐकून त्याने साठविलेल्या पैशांतून सव्वातीन डॉलर काढले, तिकीट घेतले आणि निघाला. साठ मैल गेल्यावर त्याला समजले की ते नाटक होते. प्रसारणाचे स्वातंत्र्य, सरकारची तपासणी, श्रोत्यांची अक्कल, यांपैकी कशाविषयीही त्याचे काही म्हणणे नव्हते. ते पैसे त्याने बुटांसाठी बाजूला ठेवले होते, म्हणून कृपया काळ्या रंगाचा एक जोड पाठवावा, एवढीच त्याची विनंती होती. खाली माप लिहिले होते : नऊ बी.