भांगाचं पाणी, खारीचा बांध

(दृश्य: धरमतर खाडी, अलिबाग तालुका. सकाळची ओहोटी.)

आज अष्टमी. भांगाचं पाणी आहे, भरती आली तरी फार चढणार नाही. बांधाला खांड गेली असेल, म्हणजे बांध फुटून वाट पडली असेल, तर ती बुजवायला हेच दोन-तीन दिवस. अमावास्येचं उधाण लागलं की खाडी थेट शेतात.

हा खारबांध. एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि शेताची पातळी उधाणाच्या पाण्याखाली. इथल्या घरांचं वर्षाचं तांदूळ या मातीच्या बांधावर अवलंबून आहे.

(दृश्य: उघाडी, अगदी जवळून.)

उघाडी म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडायची वाट. तिचं झडप बघा. वरून टांगलेलं, खालून मोकळं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. भरती लागली की खाडीचंच पाणी ते दाबून बंद करतं. मोटर नाही, वीज नाही. पण झडपेत एखादा ओंडका अडकला, किंवा खेकड्यानं बांध पोखरला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर एका रात्रीत खारं पाणी आत येतं. ते मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात.

हे लक्ष ठेवायची गावाची रीत होती. तिला जोळ म्हणत. शेत ज्याचं त्याचं, बांध सगळ्यांचा. हाक आली की घरटी माणूस चिखलात उतरायचा. पुढे तरुण माणसं मुंबईला गेली, 1979 च्या कायद्यानं खारजमिनींची व्यवस्था सरकारकडे आली, आणि हाक कुणी कुणाला द्यायची हेच राहून गेलं. कागद पुढे सरकेपर्यंत उधाण थांबत नाही.

(दृश्य: तिवरांनी भरलेलं जुनं शेत.)

ही तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, पंधरा वर्षांपूर्वी इथं नव्हती, इथं भात होतं. खांड बुजली नाही, भरतीबरोबर बी आलं आणि रुजलं. आता चिखलातून बोटभर मुळं वर आलीत, श्वास घ्यायला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडायला बंदी केली. ती हवीच होती. पण ज्याचा सातबारा आहे, त्याला आपल्याच शेतात कोयता लावता येत नाही. त्याचं दुःख आम्हाला खरं वाटतं, आणि त्याला तिवरांचा शत्रू ठरवणं अन्यायाचं वाटतं.

कारण बांध टिकतो तो तिवरांमुळेच. बांधाच्या बाहेर तिवरांची दाटी असली की लाट तिथंच मोडते, मुळांत गाळ बसतो, बांधाचा पाया भरत जातो. जिथं ती काढून टाकली, तिथं बांधाचं दगडी अस्तरसुद्धा ढासळतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. समुद्र चढतोय. बाहेर तिवर आणि आत भात, दोन्ही हवीत. आणि त्यासाठी खांड वेळेवर बुजली पाहिजे.

तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात, चिखलातले निवट्या मासे, खेकडेही. पावसाळ्यात खाडीतून जिताडा माशाची पिल्लं आणून इथले शेतकरी शेततळ्यात सोडतात. मोठा झालेला जिताडा चांगला भाव मिळवून देतो. खाली सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत लोकांना कांदळवन दाखवतात. कुठलं झाड चिप्पी, कुठलं कांदळ, हे त्यांच्या तोंडून ऐकावं. 2017 पासून शासनाच्या कांदळवन योजनेतून खेकडे आणि कालवं पाळणारे गटही उभे राहिलेत. ज्या झाडातून घरात चार पैसे येतात, त्याच्यावर गाव पहारा ठेवतं.

(दृश्य: पुन्हा बांध. दुपार.)

खांडीवर आज अकरा माणसं आहेत. पाच बायका. चिखलाची ढेकळं हातोहात सरकतायत, शेवटचा माणूस ती पायानं दाबतोय. बोलणं थांबलंय, कारण पाणी वळलंय. उघाडीचं झडप एकदा हललं, आणि बसलं.